पहिले पान, शेवटचे पान

पोथी झिजते ती दोन्ही टोकांनी. मधली पाने एकमेकांच्या आधाराने टिकतात. पहिले आणि शेवटचे पान मात्र हाताळणी, ओल आणि वाळवी यांच्या तोंडी आधी पडते. लेखनिकाचे नाव, गाव, शक आणि तिथी असते ती शेवटच्याच पानावर. ते गेले की पोथी निनावी होते.

हे दुखणे केवळ आपले नाही. ‘ऱ्हेटोरिका आद हेरेनिउम’ हा वक्तृत्वशास्त्रावरचा लॅटिन ग्रंथ इ.स.पू. पहिल्या शतकातला. त्याच्या नवव्या शतकातील सर्वांत जुन्या हस्तलिखितांत आरंभीचा भागच नाही. शतकानुशतके तो सिसेरोचा म्हणून वाचला गेला. आज अभ्यासक त्याचा कर्ता अज्ञात मानतात. काय बोलायचे ते शोधणे, मांडणी, भाषा, स्मरण आणि सादरीकरण ही वक्त्याची पाच अंगे त्यात सांगितली आहेत. स्मरणासाठी युक्तीही दिली आहे: ओळखीच्या वास्तूतल्या जागा मनात आणाव्यात, प्रत्येक जागी एकेका मुद्द्याचे चित्र ठेवावे आणि बोलताना क्रमाने तिथून फिरावे.

सिसेरोच्या ‘दे ओरातोरे’ची कथा याहून बोलकी आहे. मध्ययुगात त्याच्या खंडित प्रतीच हाती होत्या. १४२१ साली इटलीत लोदी येथे संपूर्ण प्रत सापडली. तिच्या नकला झाल्या आणि काही वर्षांतच ती मूळ प्रत पुन्हा नाहीशी झाली. ग्रंथ उरला तो नकलांमुळे.

मी संगमनेरकर. त्यामुळे हे वाचताना मला आमचे अनंत फंदी (१७४४–१८१९) आठवतात. आडनाव घोलप. लावणी, पोवाडा आणि फटका रचणारा हा शाहीर पुढे कीर्तनाकडे वळला. अहिल्याबाई होळकरांच्या उपदेशाने, असे परंपरा सांगते. सवाई माधवरावांच्या मृत्यूवर त्यांनी ‘माधवनिधन’ हे ओवीबद्ध काव्य रचले. फडावर माणसे धरून ठेवण्याची विद्या या माणसाजवळ होती. रोमने त्या विद्येचे शास्त्र लिहून ठेवले. आपल्याकडे शाहिरांनी ती गुरूच्या मागे उभे राहून शिकली. आपल्यापर्यंत रचना आल्या; आवाज कुठे चढवायचा, कुठे थांबायचे, हे मात्र आले नाही.

रचना आल्या त्याही गाणाऱ्यांच्या तोंडून आणि घरोघरच्या बाडांतून. अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला, तेव्हा गोंधळ्यांच्या कंठात असलेले पुष्कळ काही प्रथमच कागदावर स्थिर झाले.

म्हणूनच दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून जे गाठोडे खाली येते, त्याची मला काळजी वाटते. जुनी पोथी फेकायची नाही, या श्रद्धेने ती नदीला अर्पण होते. प्रवरेने अशी किती पाने पोटात घेतली असतील! माझे म्हणणे एवढेच: विसर्जनाआधी प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्या. सुटी पाने जशी सापडली त्याच क्रमाने ठेवा, आणि शेवटचे पान आधी शोधा.