आधी हाताशी काय आहे?

उत्सवाची आखणी म्हटली की आम्ही प्रथम वर्गणीचा आकडा मांडतो. १८९३ च्या सुमारास पुण्यात गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आले, तेव्हा पुष्कळशी सामग्री आधीच हाताशी होती. गणपती घरोघरी होतेच. पेठांतील तालमींत अंगमेहनतीला तरुण होते. उत्सवाची हाक दूरवर पोहोचविण्यास लोकमान्यांचा ‘केसरी’ होता. १८९४ मध्ये मेळे निघाले, त्यांत गाणारे बहुतेक विद्यार्थीच. उणीव होती ती हे सारे एकत्र गुंफणाऱ्यांची, आणि ते काम त्या मंडळींनी अंगावर घेतले. परप्रांतात आम्हांपाशी ना पेठ, ना तालीम. मात्र कुणाच्या घरी पेटी असते, कुणा आजींना आरत्या तोंडपाठ असतात, शेजारच्या स्थानिक कुटुंबाचे अंगण मोकळे असते. ही यादी आमच्या वहीत वर्गणीच्या खाली, तीही पेन्सिलीने, लिहिली जाते.