दिनविशेष : २० फेब्रुवारी – पहिल्या डायनोसॉरचे बारसे

१८२४ : ऑक्सफर्डचे भूशास्त्रज्ञ विल्यम बकलंड यांनी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या बैठकीत ‘मेगालोसॉरस’ (अजस्र सरडा) या नामशेष प्राण्याची घोषणा केली. शास्त्रीय नाव मिळालेला हा पहिला डायनोसॉर. ऑक्सफर्डशायरमधील स्टोन्सफील्डच्या दगडखाणींत सापडलेला दातांसह खालचा जबडा आणि काही सुटी हाडे, एवढाच पुरावा हाताशी होता. त्यावरून बकलंड यांनी प्राण्याची लांबी ४० फुटांहून अधिक धरली. सुरुवातीला तो चार पायांवर चालत असावा असे मानले गेले. प्रत्यक्षात तो दोन पायांवर चालणारा मांसाहारी होता. त्याच बैठकीत मेरी ॲनिंग यांना सापडलेल्या प्लेसिओसॉरस या समुद्री सरीसृपाच्या सांगाड्याची माहितीही विल्यम कॉनिबेअर यांनी सादर केली. ‘डायनोसॉर’ ही संज्ञा मात्र रिचर्ड ओवेन यांनी १८४२ मध्ये दिली. मेगालोसॉरसचा तो जबडा ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात जतन केलेला आहे.