रांगेचा इतिहास : घरगुती राऊटरमधील अतिरिक्त साठवण आणि इंटरनेटचा विलंब
(विशेष संदर्भ : आपटा, ता. पनवेल, जि. रायगड)

प्रस्तावना :
पनवेल तालुक्यातील आपटा हे पाताळगंगेच्या काठचे गाव मुंबई-कोकण दळणवळणाच्या वाटेवर आहे. पनवेलहून निघालेला लोहमार्ग आपट्यावरून १९८० च्या दशकात रोह्यापर्यंत गेला आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर तो दूर पल्ल्याच्या गाड्यांचा मार्ग बनला. एकेरी लोहमार्गावरील प्रवासी एक गोष्ट अनुभवाने जाणतो. प्रवासास लागणारा वेळ केवळ गाडीच्या वेगावर ठरत नाही. समोरची गाडी जाईपर्यंत बाजूच्या रुळावर किती थांबावे लागते, यावरही तो ठरतो.

घरगुती इंटरनेटच्या बाबतीत मात्र हे सत्य दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. ग्राहकास वेग विकला गेला, वेगच मोजला गेला. थांबण्याचा वेळ कोणाच्या हिशेबात आला नाही. हा विलंब कसा निर्माण झाला, तो उशिरा का ओळखला गेला आणि भारतीय नियमनात त्यास कोणते स्थान मिळाले, याचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अंतर आणि रांग :
फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. आपटा ते मुंबई हे अंतर १०० किलोमीटरहून कमी असल्याने संदेशास जाऊन परत येण्यास, केवळ अंतराचा विचार केल्यास, १ मिलिसेकंदही लागू नये. तरीही घरातील एक व्यक्ती चित्रफीत पाठवू लागली की दुसरीचा ऑनलाइन वर्ग अडखळतो. याचे कारण अंतरात नसून घरातल्या पेटीत आहे.

घराकडून बाहेर जाणारा वेग सेकंदाला १ मेगाबिट असून राऊटरमध्ये २५६ किलोबाइट साठवण, म्हणजे बफर, आहे असे मानू. चित्रफितीच्या पॅकेटांनी ती भरली, तर तिच्यामागे रांगेत लागलेल्या पॅकेटास बाहेर पडण्यास सुमारे २ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात प्रकाश फायबरमधून सुमारे ४ लाख किलोमीटर, म्हणजे पृथ्वीपासून चंद्रापर्यंतच्या अंतराहून अधिक, गेला असता. २०२० मध्ये शाळा-महाविद्यालये बंद होऊन शिक्षण घरात आले, तेव्हा अशा दोन सेकंदांची किंमत ग्रामीण विद्यार्थ्याने मोजली. प्राध्यापकांचा प्रश्न ऐकू येऊन उत्तर पोहोचेपर्यंत वर्ग पुढे गेलेला असे.

इशारे : १९८५ ते १९९३ :
हा दोष अभ्यासकांना अगदीच अपरिचित नव्हता. १९८५ मध्ये जॉन नेगल यांनी अमर्याद साठवण असलेल्या जाळ्याचा विचार मांडला. पॅकेटाचे आयुष्य मर्यादित असते. त्यामुळे अमर्याद रांगेत पॅकेटे आपली पाळी येण्यापूर्वीच कालबाह्य होतील आणि अतिभार आल्यास असे जाळेही कोलमडेल, हे त्यांनी दाखविले. अधिक साठवण म्हणजे अधिक सुरक्षितता, हा समज तेथेच खोटा ठरला होता.

ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ, बर्कली यांच्यातील जेमतेम ४०० यार्डांच्या मार्गावर वहनवेग सेकंदाला ३२ किलोबिटवरून ४० बिटांवर आला. या घटनेच्या अभ्यासातून व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये गर्दी टाळण्याची पद्धती मांडली. पॅकेट गळाले की पुढे गर्दी आहे असे समजून पाठविणाऱ्याने वेग कमी करावा, हे तिचे मर्म होय. पॅकेट गळणे हा येथे केवळ दोष नसून संकेत आहे. साठवण अवाजवी मोठी असेल, तर पॅकेट गळतच नाही. परिणामी संकेत उशिरा मिळतो आणि पाठविणारा रांग वाढवीतच राहतो.

१९९३ मध्ये सॅली फ्लॉइड आणि जेकबसन यांनी रांग भरण्यापूर्वीच काही पॅकेटे निवडून टाकण्याची 'रेड' ही पद्धती सुचविली. तथापि तिची परिमाणे प्रत्येक ठिकाणी हाताने जुळवावी लागत; त्यामुळे तिचा वापर मर्यादितच राहिला.

स्वस्त स्मृती आणि २०१० चा शोध :
पुढील काळात स्मृतिचकत्या स्वस्त झाल्या आणि उपकरणांतील साठवण वाढत गेली. २०१० मध्ये बेल लॅब्जमधील जिम गेटिस घरून मोठी फाइल पाठवीत असताना विलंब एका सेकंदाहून अधिक झाल्याचे त्यांच्या लक्षात आले. शोध घेता साठवणीचा हा फुगवटा सार्वत्रिक असल्याचे दिसले आणि त्यास त्यांनी 'बफरब्लोट' हे नाव दिले. गेटिस पूर्वी 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या प्रकल्पात होते. या प्रकल्पाचा भारतातील पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातीलच खैराट या गावी झाला, हे येथे नोंदविण्याजोगे आहे.

२०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी 'कोडेल' पद्धती मांडली. रांग किती लांब आहे हे न पाहता पॅकेट रांगेत किती वेळ थांबले, हे ती मोजते. हा वेळ १०० मिलिसेकंदांच्या अवधीत सतत ५ मिलिसेकंदांहून अधिक राहिला, तर ती पॅकेटे टाकू लागते. तिच्यात प्रत्येक प्रवाहास स्वतंत्र रांग देण्याची जोड मिळून तयार झालेली पद्धती त्याच वर्षी लिनक्समध्ये समाविष्ट झाली. २०१८ मध्ये दोन्हींचे दस्तऐवज इंटरनेट अभियांत्रिकी कार्यदलाने प्रसिद्ध केले.

भारतीय नियमन :
भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान वेग २५६ किलोबिट ठरविला. २०१३ मध्ये तो ५१२ किलोबिट, तर २०२३ मध्ये २ मेगाबिट झाला. ब्रॉडबँडची व्याख्या प्रत्येक वेळी वेगातच झाली.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २००६ च्या गुणवत्ता विनियमांत विलंबास स्थान होते. देशांतर्गत विनिमय केंद्रापर्यंत तो १२० मिलिसेकंदांहून कमी असावा, अशी अट होती. परंतु मोजणी सेवादात्याच्या प्रवेशद्वारापासून होई. ग्राहकाच्या घरातील रांग त्या मोजणीबाहेरच राहिली. पॅकेट गळती १ टक्क्याच्या आत असावी, असेही बंधन होते. मोठी साठवण गळती कमी दाखविते. त्यामुळे कागदावर उत्तम ठरणारी सेवा घरात अडखळणारी असू शकत होती. २०२४ च्या नव्या विनियमांनी या विनियमांची जागा घेतली.

निष्कर्ष :
१. घरगुती इंटरनेटचा विलंब बहुधा अंतरामुळे नव्हे, तर रांगेमुळे होतो. शहरापासूनचे अंतर हे त्याचे पुरेसे स्पष्टीकरण नाही.
२. १९८५ पासून ज्ञात असलेला दोष पंचवीस वर्षे वाढत गेला, कारण जे मोजले गेले नाही ते सुधारले गेले नाही.
३. अधिक वेगाची योजना घेतल्याने रांग लवकर सरकते, पण रांग लावण्याची रीत बदलत नाही. कोडेलसारखी पद्धती असलेला राऊटर निवडून बाहेर जाणारा वेग प्रत्यक्ष वेगाहून किंचित कमी बांधणे, हा ग्राहकाच्या हातातील उपाय आहे.
४. सेवेची गुणवत्ता जोडणी रिकामी असताना न मोजता घरातील राऊटरपासून, जोडणी पूर्ण भरलेली असताना मोजली गेली पाहिजे. आपट्यासारख्या गावातील विद्यार्थ्याला मिळणारी सेवा त्या मोजणीतच खऱ्या अर्थाने दिसेल.