सहा ठिपके

परवा धाकट्या पुतण्याने वहिनींच्या ऐंशीव्या वाढदिवसाचे फोटो पाठवले. फोटो छान आहेत. पण एक गोष्ट खटकली. मागची पांढरी भिंत मधे पांढरी आणि कोपऱ्यांत लालसर! मला वाटलं माझाच कॉम्प्युटर म्हातारा झाला. त्याला फोन केला तर म्हणाला, "नाही काका, चूक माझी आहे. मी ठिपके उलटे काढले."

ठिपके? कसले ठिपके? मग तासभर त्याने मला जे सांगितलं आणि नंतर आठवडाभर मी जे वाचत बसलो, ते लिहून ठेवतोय. फोटोग्राफी हा माझा विषय नाही. पण पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, आणि हे प्रकरण इतिहासाचंच निघालं.

नातेवाईकांना दादाचा लायका कॅमेरा आठवत असेल. मुंबईत नोकरीला असताना त्याने तो जुन्या बाजारातून घेतला होता. कोयनेच्या भूकंपानंतर (११ डिसेंबर १९६७) आमच्या घराच्या तडकलेल्या भिंतीचे फोटो त्यानेच काढले. कॅमेरा पुढे बिघडला आणि गेला, पण त्याची ५० मिलिमीटरची समिक्रॉन लेन्स वहिनींनी मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली होती. दादा गेल्यावर ती पुतण्याकडे आली. त्याने तिच्यासाठी म्हणून एक जुना डिजिटल लायका घेतला, एम ८ नावाचा. आश्चर्य म्हणजे दादाची लेन्स त्याच्यावर खट्कन बसली.

याचं कारण १९५४ सालात आहे. जर्मनीत वेट्झलार गावी लाइट्झ कंपनीचा कारखाना होता. १९२५ साली त्यांनी पहिला लायका बाजारात आणला. पुढे लेन्स बदलता यायला लागली, ती आट्यांनी फिरवून बसवायची, बरणीच्या झाकणासारखी. १९५४ ला एम ३ आला आणि आटे जाऊन खाच आली. थोडीशी फिरवली की लेन्स बसते. ती खाच कंपनीने आजतागायत बदललेली नाही. जुन्या आट्यांच्या लेन्ससुद्धा मधे एक कडं घालून नव्या कॅमेऱ्यावर बसवता यायच्या.

पण लेन्स बसणं वेगळं आणि कॅमेऱ्याला ती ओळखू येणं वेगळं. एम ३ मधे डोळा लावला की ५०, ९० किंवा १३५ मिलिमीटरची चौकट दिसते. कुठली दाखवायची हे कॅमेऱ्याला लेन्सच सांगते. तिच्या मागच्या कड्याचा एक दात कमी-जास्त लांबीचा कापलेला असतो, तो आतली दांडी ढकलतो. बस, एवढीच ओळख.

जपानी निकॉनची गंमत याहून न्यारी. १९५९ पासून त्यांच्या लेन्सवर सशाच्या कानासारखं एक धातूचं शिंग असायचं. लेन्स लावली की तिचं कडं आधी एका टोकाला आणि मग दुसऱ्या टोकाला फिरवायचं, म्हणजे लेन्स किती उघडते हे कॅमेऱ्यातल्या मीटरला समजे. साठच्या दशकाअखेरच्या त्यांच्या काही कॅमेऱ्यांत हा विधीच होता. १९७७ ला तो गेला, कड्यालाच एक पायरी ठेवली. जुन्या लेन्सवाल्यांना कंपनी कडं बदलून देई. काही लोक घरीच कानस घेऊन बसत. काही कंपन्यांनी मात्र सरळ नातं तोडलं. कॅननने १९८७ साली खाचच बदलली, आणि आधीच्या लेन्स नव्या कॅमेऱ्याला परक्या झाल्या. नव्या सोयींसाठी ते करावं लागलं असेल, पण ज्यांनी पोटाला चिमटा काढून त्या लेन्स घेतल्या होत्या त्यांना काय वाटलं असेल!

आता ठिपके. सप्टेंबर २००६ मधे लायकाचा एम ८ आला. फिल्मच्या जागी सेन्सर. यात एक अडचण होती. या कॅमेऱ्यांत लेन्सच्या बैठकीपासून फिल्म फक्त २७.८ मिलिमीटरवर. त्यामुळे रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्समधून येणारा उजेड कोपऱ्यांवर फार तिरका पडतो. फिल्मला त्याचं फारसं काही नव्हतं, सेन्सरला ते सोसत नाही. म्हणून सेन्सरवरची काच शक्य तितकी पातळ ठेवली. पातळ काचेतून डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश आत शिरला आणि काळं कृत्रिम कापड फोटोत जांभळट दिसायला लागलं. कॅमेरा विकला गेल्यावर बोभाटा झाला. कंपनीने चूक मान्य करून ग्राहकांना दोन-दोन फिल्टर फुकट दिले. फिल्टर लावला तर काळं काळं झालं, पण रुंद लेन्सचे कोपरे निळसर-हिरवट! ते कॅमेऱ्याने आतल्या आत दुरुस्त करायचे, तर त्याला कळायला हवं की पुढे लेन्स कुठली आहे.

तेव्हा उपयोगी पडले ते सहा ठिपके. लेन्सच्या मागच्या धातूच्या कड्यावर सहा बारीक गोल खळगे, त्यांत काळा किंवा पांढरा रंग. काळा म्हणजे एक, पांढरा म्हणजे शून्य. कॅमेऱ्याच्या तोंडाशी समोरासमोर सहा झरोके. पांढरा ठिपका प्रकाश परत पाठवतो, काळा गिळतो. सहा जागा, प्रत्येकी दोन शक्यता, म्हणजे ६४ खुणा. हे वाचताना मला ब्रेल आठवली. तिथेही सहाच टिंबं आणि तेवढ्याच शक्यता. आंधळ्या कॅमेऱ्याला लेन्स चाचपायला दिली म्हणा ना.

जुन्या लेन्स कारखान्यात पाठवून मागचं कडं बदलून घ्यायची सोय होती. कारखाना तेव्हा वेट्झलारजवळच्या झोल्म्स गावी होता, २०१४ ला तो परत वेट्झलारला आला. पण सगळ्याच लेन्सना हे होत नसे. आणि ज्यांना खर्च नको होता, त्यांनी काय केलं? काळं मार्कर पेन घेतलं आणि कड्यावर ठिपके काढले! उघडा धातू उजेड परतवतो, म्हणून पांढरे काढायची गरजच नाही, फक्त काळे काढायचे. दहा-वीस वेळा लेन्स काढ-घाल केली की पुसतात, पुन्हा काढायचे. २००९ च्या एम ९ पासून कॅमेऱ्यातल्या यादीतून लेन्सचं नाव हाताने निवडता येऊ लागलं. पुतण्याच्या एम ८ मधे ते नाही, म्हणून पेन.

बरं, ५० च्या लेन्सला या दुरुस्तीची फारशी गरजही नसते. मग कशाला हा उद्योग, असं मी विचारलं. तर म्हणाला, "काका, बाबांच्या लेन्सचं नाव फोटोच्या माहितीत यावं म्हणून." खूण ओळखली की कॅमेरा ती फोटोबरोबर नोंदवतो. मला काही बोलवलं नाही.

झालं असं, की नमुना समोरून बघून त्याने ठिपके काढले ते आरशातल्यासारखे उलटे. कॅमेऱ्याला वाटलं, ही रुंद लेन्स आहे. त्याने इमानदारीने नसलेला निळेपणा काढण्यासाठी कोपऱ्यांत तांबडा रंग भरला. आणि नोंदीत आमच्या घरात कधीही नसलेल्या लेन्सचं नाव लिहिलं. कॅमेऱ्याला लेन्स दिसतच नाही, त्याला दिसतात ठिपके. ताम्रपटावर जे कोरलं ते खरं धरणाऱ्या विद्यार्थ्यासारखं.

आणि बरोबर काढले तरी काय? त्या यादीत ५० च्या समिक्रॉन आहेत, पण दादाच्या लेन्सच्या नंतरच्या पिढीच्या. जवळच्या नात्यातलं नाव लावायचं एवढंच.

वाढदिवसाच्या फोटोंची नोंद बदलायची का, असं त्याने विचारलं. बदलता येते म्हणे. मी नको म्हटलं. रंग हवे तर सुधार, नोंद राहू दे. दादाची एक वही माझ्याकडे आहे. रोलचा क्रमांक, तारीख, लेन्स, उघडझाप, सगळं पेन्सिलीने. शेवटच्या नोंदीनंतर बरीच पानं कोरी आहेत. काल त्यातल्या पहिल्या कोऱ्या पानावर वाढदिवसाची तारीख घातली आणि लिहिलं: लेन्स दादाचीच, ५० ची. कॅमेऱ्याने लिहिलेलं नाव चुकीचं. ठिपके उलटे पडले होते.

पेन्सिलीनेच लिहिलं.