बगळ्याचा तुरा : ओळखीची खूण, मरणाचे कारण

१/ तळ्याकाठी चार पांढरे पक्षी दिसले की आपण ‘बगळे’ म्हणतो आणि पुढे जातो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र यांतील कोणाच्या अंगावर कोणती पिसे आहेत, याला सोन्याहून अधिक मोल होते.

२/ ही पिसे येतात ती विणीच्या हंगामात. लहान बगळ्याच्या डोक्यामागे दोन लांब, बारीक पिसांचा तुरा लोंबतो. पाठीवर आणि छातीवर झालर येते. मध्यम बगळ्याला या दोन्ही ठिकाणी झालर असते, पण तुरा नसतो. मोठ्या बगळ्याची झालर केवळ पाठीवर. गायबगळा तर या दिवसांत डोक्या-मानेवर नारिंगी होतो. त्याच्याबाबत घोटाळाच नको.

३/ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हीच झालर युरोप-अमेरिकेतील स्त्रियांच्या टोप्यांवर चढली. लंडन ही तिची मोठी बाजारपेठ. पिसे विणीतच येत असल्याने शिकार घरट्यांपाशी होई आणि मागे राहिलेली पिले उपासमारीने मरत. दुकानदार मात्र पिसे कृत्रिम असल्याचे बेलाशक सांगत!

४/ १८८६ साली पक्षितज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर ७०० टोप्या पाहिल्या. ५४२ टोप्यांवर पिसे होती आणि त्यांतून त्यांनी पक्ष्यांच्या ४० जाती ओळखल्या. पक्षिनिरीक्षणाच्या इतिहासात याहून खिन्न यादी क्वचितच सापडेल.

५/ १८८९ मध्ये मँचेस्टरजवळ एमिली विल्यमसन यांनी पिसे न वापरण्याची शपथ घेणाऱ्या स्त्रियांची संस्था काढली. हिंदुस्थान सरकारने १९०२ मध्ये पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली. तरीही चोरटा व्यापार चालूच राहिला. ब्रिटनचा आयातबंदीचा कायदा व्हायला १९२१ साल उजाडले. जिथे गिऱ्हाईक होते, तिथला कायदा सर्वांत उशिरा आला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

६/ तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या सिंधमध्ये काही मच्छीमार लहान बगळे बंदिस्त जागेत पाळून त्यांची पिसे उपटून घेत. पक्षी जगे, पिसे पुन्हा येत. याला दया म्हणण्यापेक्षा हिशेब म्हणणे अधिक रास्त.

७/ १९४१ मध्ये सलीम अलींचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ आले आणि सामान्य वाचकाच्या हाती चित्रांसह ओळखीची साधने पडली. विणीबाहेर तुरा गळतो, तेव्हा पाय पाहावेत : काळे पाय आणि पिवळी बोटे म्हणजे लहान बगळा. मोठ्या बगळ्याच्या तोंडाची रेघ डोळ्याच्याही मागे जाते; मध्यम बगळ्याची डोळ्याखालीच थांबते. चोचीच्या रंगावर मात्र भिस्त ठेवू नये. मोठ्या बगळ्याची पिवळी चोच विणीच्या काळात काळी पडते.