सौर मोटारगाडी व अभियांत्रिकी विद्यार्थी

सूर्यप्रकाशाचे सौर घटांच्या साहाय्याने विजेत रूपांतर करून त्या विजेवर चालणाऱ्या वाहनास सौर मोटारगाडी म्हणतात. सौर घटांचे तक्ते, विजेचे नियमन करणारा नियंत्रक, बॅटरी, विद्युत् मोटर व हलकी चौकट हे तिचे मुख्य भाग होत. या वाहनाचा प्रारंभ मोठ्या कारखान्यांत झाला. परंतु त्याचा विकास प्रामुख्याने अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी केला. महाराष्ट्रासारख्या प्रदेशात ऊन विपुल असल्याने गाडी बांधणाऱ्या विद्यार्थ्यास खरी टंचाई भासते ती वेळेची. अंतिम वर्षाचा अभ्यास व गाडीची बांधणी यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न त्यामुळे या वाहनाच्या इतिहासाशी निगडित झाला आहे.

ऐतिहासिक आढावा : अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ मध्ये सु. ६ टक्के कार्यक्षमतेचा सिलिकॉन सौर घट तयार झाला. पुढच्याच वर्षी जनरल मोटर्स कंपनीच्या विल्यम कॉब यांनी शिकागो येथील प्रदर्शनात ‘सनमोबिल’ ही सु. ३८ सेंमी. लांबीची प्रतिकृती चालवून दाखविली. तिच्यावर सिलिनियमाचे १२ घट बसविले होते. माणूस वाहून नेणारी गाडी लांबच्या प्रवासास समर्थ ठरण्यास आणखी पाव शतक लागले. हान्स थोलस्ट्रप व लॅरी पर्किन्स यांनी ‘क्वाएट अचीव्हर’ ही गाडी डिसेंबर १९८२ व जानेवारी १९८३ या काळात ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील पर्थपासून पूर्वेकडील सिडनीपर्यंत नेली. सु. ४,००० किमी. अंतरास त्यांना २० दिवस लागले. थोलस्ट्रप यांच्याच प्रेरणेने १९८७ मध्ये डार्विन ते ॲडिलेड अशी सु. ३,००० किमी.ची जागतिक सौर शर्यत सुरू झाली. तीत जनरल मोटर्सच्या ‘सनरेसर’ने ताशी सरासरी ६६.९ किमी. वेगाने प्रथम क्रमांक मिळविला.

विद्यार्थ्यांचा सहभाग : १९९० च्या जागतिक शर्यतीत स्वित्झर्लंडमधील बील येथील अभियांत्रिकी विद्यालयाची गाडी पहिली आली आणि या क्षेत्रात विद्यार्थी कारखान्यांची बरोबरी करू शकतात हे सिद्ध झाले. त्याच वर्षी अमेरिकेत विद्यापीठांसाठी स्वतंत्र शर्यत घेण्यात आली. तीत मिशिगन विद्यापीठाचा गट विजयी ठरला. नेदर्लंड्समधील डेल्फ्ट येथील विद्यार्थ्यांनी २००१ पासून लागोपाठ चार जागतिक शर्यती जिंकल्या. त्यांपैकी २००५ मधील त्यांची सरासरी ताशी १०२ किमी.हून अधिक होती. वाढत्या वेगास आळा घालण्यासाठी पुढे नियमांनी सौर घटांचे क्षेत्र कमी केले. २०१७ मध्ये सिलिकॉन घटांसाठी ते ४ चौ. मी. ठरले होते. डेल्फ्टच्या यशामागील एक कारण तांत्रिक नाही. तेथील गटाचे सदस्य सु. वर्षभर अभ्यासक्रम स्थगित ठेवून पूर्ण वेळ गाडीचेच काम करतात. वर्ष लांबणे हे तेथे नामुष्कीचे मानले जात नाही.

भारतात मणिपाल येथील विद्यार्थ्यांच्या गटाने २०११ पासून या कामास वाहून घेतले. मद्रासच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील विद्यार्थ्यांनी २०२३ च्या जागतिक शर्यतीसाठी ‘आग्नेय’ ही गाडी तयार केली. २०१० नंतर विजेरी व सौर वाहनांच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धाही देशात होऊ लागल्या. तथापि बहुसंख्य भारतीय विद्यार्थ्यांना वर्ष स्थगित ठेवण्याची सोय परवडत नाही. शैक्षणिक कर्ज, शिष्यवृत्तीच्या अटी व नोकरीच्या मुलाखती यांमुळे चार वर्षांत पदवी मिळविणे त्यांना आवश्यक असते.

धाराशिव जिल्ह्याची पार्श्वभूमी : धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद, अधिकृत नामांतर २०२३) जिल्ह्यात हा प्रश्न विशेष तीव्रतेने जाणवतो. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता आणि अभियांत्रिकीचे शिक्षण घेण्यासाठी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहावे लागे. औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) येथे १९६० मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये राज्याने विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी देण्याचे धोरण स्वीकारले. त्याच वर्षी या जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी तेरणा पब्लिक चॅरिटेबल ट्रस्टचे अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले. घराजवळ पदवी मिळू लागल्याने शेतकरी कुटुंबांतील पहिली पिढी या शिक्षणाकडे वळली. २०१८ मध्ये नीती आयोगाने ज्या जिल्ह्यांना आकांक्षित म्हणून निवडले, त्यांत या जिल्ह्याचा समावेश होता. अशा कुटुंबात मुलाचे एक वर्ष वाया जाणे याचा अर्थ घरखर्चाची सर्व आखणी कोलमडणे असा होतो.

ऋतू व शैक्षणिक वर्ष : अभियांत्रिकीचे अंतिम वर्ष सातव्या व आठव्या सत्रांचे असते. सातव्या सत्रात प्रकल्पाचा विषय ठरतो व त्याच सुमारास नोकरीसाठी मुलाखती सुरू होतात. पदव्युत्तर प्रवेशाची गेट ही परीक्षा साधारणतः फेब्रुवारीत असते, तर सत्रपरीक्षा व प्रकल्पाची तोंडी परीक्षा उन्हाळ्यात येतात. सौर गाडीचा ऋतुक्रम याच्याशी जुळत नाही. जून ते सप्टेंबर या काळात आभाळ भरलेले असल्याने चाचणी विश्वसनीय ठरत नाही. म्हणून आराखडा व चौकटीची जोडणी यांसाठी पावसाळा योग्य. ऑक्टोबरनंतर आकाश निवळते आणि चाचणीस सर्वांत अनुकूल असे फेब्रुवारी ते मे हे महिने नेमके परीक्षेचे असतात. जो गट डिसेंबरपर्यंत गाडी चाकांवर उभी करीत नाही, त्यास गाडी किंवा गुण यांपैकी एकावर पाणी सोडण्याची वेळ येते.

ऊर्जेचा हिशोब : गाडीच्या छतावर ५ चौ. मी. क्षेत्राचे व २० टक्के कार्यक्षमतेचे तक्ते बसविल्यास त्यांची कमाल शक्ती सु. १ किलोवॉट भरते. मराठवाड्याच्या निरभ्र दिवसात त्यापासून सु. ५ किलोवॉट-तास ऊर्जा अपेक्षित असते; मात्र ती प्रत्यक्षात तितकी मिळत नाही. उन्हाळ्यात घटांचे तापमान ६० से.च्या वर जाते व २५ से.च्या वरील प्रत्येक अंशास शक्ती सु. ०.४ टक्क्याने घटते. त्यामुळे कडक उन्हातच सु. १५ टक्के तूट येते. बॅटरी व नियंत्रक यांतील व्यय वजा जाता ३.५ ते ४ किलोवॉट-तास उरतात. ताशी ३०–४० किमी. वेगाने जाणाऱ्या दोन आसनी हलक्या गाडीस प्रतिकिमी. सु. ६० वॉट-तास लागले, तर एका दिवसाच्या उन्हावर ती सु. ६० किमी. धावेल. धाराशिव ते तुळजापूर हे सु. २२ किमी. अंतर त्यात जाऊन-येऊन पार पडू शकते. याउलट सोलापूरच्या सखल भागातून बालाघाटावरील तुळजापुरास येताना सु. २०० मी. चढावे लागते. ४०० किग्रॅ. वजनाच्या गाडीस केवळ या चढासाठी ०.२ किलोवॉट-तासाहून अधिक ऊर्जा द्यावी लागते. म्हणून अशा गाडीत वाचविलेला प्रत्येक किलोग्रॅम मोलाचा ठरतो.

कामाची विभागणी : पदवीच्या प्रकल्पासाठी सामान्यतः चार-पाच विद्यार्थ्यांचा गट असतो, गाडीस मात्र १५–२० जणांचे हात लागतात. त्यामुळे चौकट व निलंबन, सुकाणू व गतिरोधक, विद्युत् प्रेषण आणि सौर तक्ते असे स्वतंत्र प्रकल्प योजून प्रत्येकाचे गुणांकन वेगळे करणे श्रेयस्कर ठरते. त्यायोगे गाडीचे काम अभ्यासक्रमाबाहेरील भार न राहता त्याचाच भाग बनते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात पदवीची श्रेयांके २२० वरून १६० वर आणली, तीही अशा प्रात्यक्षिक कामास अवसर मिळावा म्हणून. दुसरी अडचण सातत्याची आहे. अंतिम वर्षाचे विद्यार्थी उत्तीर्ण होऊन गेले की त्यांच्याबरोबर अनुभवही जातो व नवा गट जुन्याच चुका पुन्हा करतो. दुसऱ्या व तिसऱ्या वर्षांतील विद्यार्थ्यांना सोबत घेणे आणि फसलेल्या चाचण्यांचीही नोंद प्रकल्प अहवालात ठेवणे हा त्यावरील उपाय होय.

महत्त्व : सौर मोटारगाडीने व्यापारी वाहनाची जागा अद्याप घेतलेली नाही. डच विद्यार्थ्यांच्या गटातून निघालेली लाइटइयर कंपनी २०२३ च्या प्रारंभी दिवाळखोरीत गेली. पुण्यातील वायवे मोबिलिटी कंपनीने त्याच वर्षी ‘इव्हा’ ही छोटी गाडी प्रदर्शित केली. परंतु तिच्यातही सौर तक्ते विजेरी गाडीस पूरक म्हणूनच येतात. तरीही विद्यार्थ्यांचे श्रम वाया जात नाहीत. सौर तक्ता, नियंत्रक व मोटर ही गाडीतील साखळीच सौर कृषिपंपातही असते आणि अवर्षणप्रवण धाराशिव जिल्ह्यात असे पंप शेतोशेती बसू लागले आहेत. ज्याने परीक्षेच्या धामधुमीत एक किलोवॉट विजेचा पै-पैचा हिशोब मांडला, त्यास बंद पडलेला पंप उघडून दोष हुडकणे अवघड जात नाही.