रात्रपाळी, स्त्री-कामगार व बालआरोग्य

रात्री वा पहाटेपूर्वी कामावर असणाऱ्या मातांचे श्रम आणि त्यांच्या मुलांचे आरोग्य यांचा परस्परसंबंध हा औद्योगिक समाजापुढील एक जुना प्रश्न आहे. जात्यावर, शेतावर व मासळीच्या बंदरावर स्त्रिया यंत्रयुगापूर्वीही उजाडण्याआधी राबत असत. परंतु तेथे तान्हे मूल बहुधा हाकेच्या अंतरावर असे. कारखान्याने काम व घर यांची ताटातूट केली, आणि दिव्याच्या सोयीमुळे कामाचा दिवस सूर्यास्तापाशी संपेनासा झाला. पश्चिम भारतात या बदलाचा इतिहास मुख्यत्वे कापसाशी निगडित आहे.

इंग्लंडमध्ये १८४४ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांच्या कामाचे तास १२ वर आणून रात्रीच्या कामास मनाई केली. तेथील गिरण्यांच्या गावांत ‘गॉडफ्रीज कॉर्डियल’ हे अफूमिश्रित औषध मुलांना निजवण्यासाठी सर्रास वापरले जाई. अमेरिकी यादवी युद्धामुळे कापसाचा पुरवठा तुटून लँकाशरच्या गिरण्या थंडावल्या, तेव्हा परिस्थितीची पाहणी करण्यास सरकारने पाठविलेल्या डॉ. एडवर्ड स्मिथ यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. बेकारीने घरी बसलेल्या माता मुलांना अफूऐवजी अंगावर पाजू लागल्या होत्या, आणि त्या बाबतीत ही आपत्ती मुलांच्या पथ्यावर पडली होती. त्याच दुष्काळाने वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचे मोल आणले व मुंबईत पैसा ओतला, हा इतिहासातील योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. कारण लँकाशरमधील तो प्रश्न पुढे त्याच कापसाच्या पाठोपाठ येथे उभा राहिला.

भारतातील १८८१ चा पहिला कारखाना कायदा स्त्रियांविषयी मूक होता. शिवाय वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने त्याच्या कक्षेबाहेर असल्याने सरकी काढणारे हंगामी कारखाने, म्हणजे जिन, मोकळे सुटले. १८८५ च्या सुमारास मुंबई सरकारच्या आयोगापुढे खानदेशातील जिनांविषयी जी साक्ष झाली, तीनुसार तेथील स्त्रिया पहाटे चार-पाचला कामास लागून रात्री आठ-नऊपर्यंत उभ्या असत, आणि हंगामाच्या तडाख्यात रात्रंदिवस काम चाले. हंगाम थोडा, कापूस अफाट आणि मजुरी त्या काही आठवड्यांतच पदरात पडायची. त्यामुळे मालक व मजूर या दोघांनाही रात्र मोडणे परवडत नसे. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांचे तास ११ केले व रात्री ८ ते पहाटे ५ या वेळात काम करण्यास सामान्यतः मनाई केली. तथापि मंजूर पाळीपद्धतीची पळवाट ठेवली. १९११ मध्ये हंगामी कारखाने कायद्याखाली आले, परंतु जिनांना रात्रीच्या कामाची सवलत मिळाली. मनाईची गरज जेथे सर्वांत अधिक, तेथेच ती उशिरा पोहोचली, असा या कायद्यांचा क्रम आहे.

मुंबईत चित्र वेगळे होते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये भरलेल्या गिरणी कामगारांच्या सभेत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली, आणि त्याच वर्षी रविवारची सुटी मिळाली. गिरण्यांतील स्त्रिया प्रामुख्याने वाइंडिंग व रीलिंग खात्यांत, नायकिणीच्या देखरेखीखाली कामाच्या नगावर मजुरी घेत. १९२० च्या दशकात गिरणी कामगारांपैकी सुमारे एक-पंचमांश स्त्रिया होत्या. कायद्याने त्या दिवसपाळीतच असत. पण दिवसपाळी म्हणजे रात्रीची विश्रांती असे मात्र नव्हते. भोंग्यापूर्वी भाकरी भाजायची, नळावर पाणी भरायचे, मुलाला पाजायचे, आणि संध्याकाळी तेच पुन्हा. रात्र कायद्यात मोकळी असली, तरी खोलीत ती मोकळी नव्हती.

मुंबई सरकारने नेमलेल्या स्त्री-वैद्य डॉ. बार्न्स यांनी केलेल्या पाहणीचा वृत्तांत १९२२ मध्ये ‘लेबर गॅझेट’मध्ये प्रसिद्ध झाला. गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या अर्भकांपैकी ९८ टक्क्यांना अफू दिली जात असावी, असा अंदाज त्यात होता. ही अफू ‘बाळागोळी’ या नावाने सहज मिळे. आई कामावर असताना मूल झोपून राहावे व रात्री आईला चार तास डोळा लागावा, असे दोन्ही हेतू एका गोळीत साधत. गुंगीतले मूल दूध कमी पिते, हे सांगण्यास वैद्यकाची गरज नाही. १९२१ मध्ये शहरातील अर्भकमृत्युप्रमाण नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ६६६ होते. एकखोली घरांत ते ८२८ पर्यंत गेले. या आकड्यांना एक दोष आहे. अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी कोकणात वा घाटावर माहेरी जात. जन्म तेथे नोंदला जाई आणि मृत्यू मुंबईत. म्हणून प्रमाण फुगलेले दिसते. परंतु फुगवटा वजा केला, तरी एका खोलीतील व अधिक खोल्यांतील मुलांमध्ये राहणारे अंतर केवळ नोंदीच्या चुकीने स्पष्ट होत नाही. दोष आईच्या अज्ञानावर ढकलण्याची तत्कालीन अहवालांची प्रवृत्ती आज एकांगी वाटते. मूल सांभाळणारे कोणी नसताना गोळी न देणे म्हणजे नोकरी सोडणे होते.

उपाय दोन दिशांनी आले. वॉशिंग्टन येथे १९१९ मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने स्त्रियांच्या रात्रीच्या कामावर बंदी घालणारा करार केला. या परिषदेस भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी उपस्थित होते. भारताने हा करार १९२१ मध्ये मान्य केला आणि १९२२ च्या कायद्याने सायंकाळी ७ ते पहाटे ५.३० ही वेळ वर्ज्य ठरविली. दुसरी दिशा पैसा व पाळणा यांची. जोशी यांचे प्रसूती-लाभ विधेयक मध्यवर्ती विधिमंडळात १९२५ मध्ये फेटाळले गेले. मुंबई विधिमंडळात रा. सि. आसवले यांच्या विधेयकाला १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला. मातेला मिळणारी विश्रांती राष्ट्रहिताची असल्याने तिचा भार सरकारनेही उचलावा, पण मालकालाही त्या श्रमाचा लाभ होत असल्याने तो जबाबदारीतून सुटू शकत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ च्या कायद्याने प्रसूतिकाळात दररोज आठ आणे मिळू लागले. पाळणाघराची तरतूद १९३४ मध्ये आली. पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली राखून ठेवण्याचा नियम प्रांतिक सरकारांना करता येऊ लागला.

या संरक्षणाची किंमत स्त्रियांनीच मोजली. १९३० नंतर अनेक गिरण्यांनी रात्रपाळी सुरू केली व युद्धकाळात ती वाढली. जी कामे फिरत्या पाळीत गेली, त्यांतून कायद्यानेच स्त्री बाहेर पडली. प्रसूती-लाभाचा खर्च व सुधारित यंत्रे यांचीही भर पडली. शतकाच्या मध्यास गिरणी कामगारांतील त्यांचे प्रमाण एक-दशांशाच्या आसपास उतरले. घरी परतलेल्या आईमुळे मूल अधिक सुदृढ झाले असे गृहीत धरता येत नाही, कारण घरातील एक मजुरीही त्याबरोबर गेली. परिचारिकांची रात्रपाळी मात्र कधीच वादाचा विषय झाली नाही. रुग्णालयाला त्यांची गरज होती. बंदीमागे बालआरोग्याखेरीज अन्य धारणाही होत्या, हे यावरून दिसते.

१९४८ च्या कारखाना अधिनियमातील कलम ६६ ने बंदी पुढे चालविली. मद्रास उच्च न्यायालयाने २००० मध्ये त्यातील वेळेचे बंधन समानतेविरुद्ध ठरविले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या २०२० च्या श्रमसंहितांनी स्त्रीची संमती व सुरक्षिततेच्या अटी यांवर रात्रपाळी खुली केली. पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघराची व तेथे दिवसातून चारदा जाण्याची तरतूद त्यांत कायम आहे. पाळणाघर रात्री चालणार की नाही, हा व्यवहारातील कळीचा मुद्दा होय. डेन्मार्कमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, आठव्या आठवड्यानंतर आठवड्यात दोन वा अधिक रात्रपाळ्या करणाऱ्या गर्भवतींमध्ये पुढील आठवड्यात गर्भपाताचा धोका सुमारे एक-तृतीयांशाने वाढलेला आढळला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९० च्या करारात प्रसूतीच्या आगेमागे किमान सोळा आठवडे रात्रीच्या कामास पर्याय देण्याची अट आहे.

कारखान्याच्या भिंतीबाहेर या तरतुदी क्वचितच पोहोचतात. मराठवाड्यातून ऊसतोडीस जाणारी स्त्री कोयत्याची अर्धी भागीदार असते. ती अंधारातच फडात उतरते आणि ट्रक आला की रात्रीही मोळ्या वाहते. साखर कारखान्याचा हंगाम जिनाच्या हंगामासारखाच अखंड चालतो. मोठ्या मुलांसाठी राज्य शासनाने वसतिगृहांची योजना आखली आहे; तान्ही मुले आईबरोबर तळावर राहतात आणि पहाटे फडाच्या बांधावर झोळीत निजतात.